नावाशिवाय नजर उतरत नाही

माय, नजर उतरवताना तू ओठांतल्या ओठांत काय म्हणायचीस ते मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारायचं आहे, आणि तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा आवाज आठवायलासुद्धा मला डोळे मिटावे लागतात. 'घरनी, दारनी, वाटनी' एवढं सुरुवातीचं कानावर पडायचं, पुढचं सगळं तू गिळून टाकायचीस. मूठ डोक्यापासून पायापर्यंत फिरायची, बांगड्या वाजायच्या, आणि मी मनात म्हणायचे, आटप लवकर, मला अभ्यास आहे. शिकलेली होते ना मी! आज तुझ्या नातवाची नजर काढायची वेळ आली तेव्हा लक्षात आलं की घरात मीठ आहे, मोहरी आहे, मिरच्या आहेत, शब्द मात्र नाहीत. तो शेजारच्या खोलीत आहे, दाराच्या पलीकडे. जेवत नाही, बोलत नाही, ताट नेलं तसं परत येतं. दाराची आतली कडी मी दुपारी तो मोरीत गेला असताना काढून ठेवली. घरातल्या सगळ्या ओढण्या माझ्या उशीखाली आहेत. मला भीती वाटते माय, फार भीती वाटते, आणि हे बोलावं असं दुसरं कोणी नाही.

तू त्याला पाहिलं नाहीस. कपाळ तुझं आहे, आणि चिडला की खालचा ओठ दाताखाली धरतो तेही तुझंच. यंदा त्याला रिंगरोडच्या मार्केटात, परदेशी कापड पाठवणाऱ्या एका ऑफिसात नोकरी लागली. आपल्या घरातला पहिला माणूस, जो मार्केटात जातो आणि गाठोडं उचलत नाही. पहिल्या पगाराच्या दिवशी त्याने माझा फोटो काढला, मी मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापत बसले होते तसाच, विस्कटलेल्या केसांचा. त्याखाली त्याने इंग्रजीत लिहिलं. माझ्याबद्दल लिहिलं, आणि तू भेस्तानच्या खोलीत दिव्याच्या वातीसारखे बारीक धागे कापून मला बारावीपर्यंत कसं नेलंस तेही लिहिलं. टाकण्याआधी मला वाचून दाखवलं, मग मराठीत सांगितलं. मी पदराने डोळे पुसले आणि म्हणाले, टाक.

कुठे टाक, ते तुला सांगायला हवं. आता प्रत्येकाच्या हातात फोन असतो आणि त्यात एक जागा असते. आपल्या गल्लीतल्या नळावर बाया जमायच्या ना, तसं तिथे अख्खं जग जमतं. फरक एवढाच की आपल्या नळाचं पाणी जायचं आणि बाया घरी जायच्या. इथलं पाणी जात नाही आणि कोणी घरी जात नाही. तिथे कोणीतरी तो मजकूर उचलला, त्यातल्या शब्दांभोवती लाल गोल काढले आणि खाली लिहिलं की असल्या लोकांना ऑफिसात कोण घेतं. मग जो तो हसायला लागला. तुझ्या नातवाचं इंग्रजी चुकलं होतं. काहींना हसू येत होतं आणि काहींना चक्क राग. माय, मला त्या रागाचंच नवल वाटतं. चोरीचा राग येतो, लबाडीचा येतो. एखाद्या पोराने आईबद्दल दोन शब्द वाकडेतिकडे लिहिले तर लोकांच्या अंगाची लाही कशी काय होते? कोणीतरी मला एक पानही पाठवलं, शहाणपणाने पाठवलं असेल. इंग्रजीतल्या नेहमीच्या चुका, ज्या पाहून लोकांचं डोकं फिरतं. एकच उच्चार आणि तीन स्पेलिंगं, कुठे टिंब, कुठे वरचा स्वल्पविराम. मी चष्मा लावून सगळं वाचलं. शेवटाला आले तेव्हा सुरुवातीचं विसरले होते.

तू कोणाला हसू द्यायची नाहीस असं नव्हतं. तुला स्वतःलाच किती हसू यायचं! पण हसण्याची तुझी एक रीत होती. मी सातवीत असताना गावाकडून नवी आलेली एक बाई किराणाच्या दुकानात गुजरातीत काहीतरी मागायला गेली आणि भलतंच मागून बसली. मी घरी येऊन तिची नक्कल केली. तू स्टोव्हला पिन मारत होतीस. पिन तशीच हातात धरून वळलीस आणि म्हणालीस, "हासानं व्हई ते तोंडवर हास, आनि काय चुकनं ते सांगी दे. मांगे कसाले हासस?" आणि तशीच हाताला धरून मला त्या बाईच्या दारात नेलंस. मी मान खाली घालून त्या वस्तूचं गुजराती नाव तिला सांगितलं. ती हसली, तू हसलीस, मग मलाही हसू आलं. परत येताना तू म्हणालीस की आता हसलेलं पचेल.

आणि तुझी ती काजळाची पितळी डबी. घरात नवीन काही आलं की तीट लावल्याशिवाय तुला चैन पडायचं नाही. नव्या कुकरला तीट, अण्णांच्या सायकलच्या दांड्याला तीट. दहावीची माझी गुणपत्रिका आली तर तिच्या मागे कोपऱ्यात बोट टेकवलंस, आणि मी थयथयाट केला. लग्नात तू मला बाकी काय देणार होतीस, अण्णा लूम चालवायचे ते खातं, तो कारखानाच तेव्हा बंद पडला होता, मालकाने लूम भंगारात काढले होते. तू ती डबी माझ्या हातात ठेवलीस. अजून माझ्याजवळ आहे. परवा मी काय केलं सांगू? काजळ घेऊन फोनच्या काचेवर, त्याच्या त्या मजकुराच्या कडेला तीट लावली. अंगठा लागला आणि पुसली गेली.

मला सारखा तो मार्केटचा दिवस आठवतो. प्लेगचं साल मागे पडलं होतं, गावाला पळालेले लोक परत लूमवर आले होते. माझी बारावी झाली होती आणि तू जिथून धाग्याच्या साड्या आणायचीस त्या मार्केटात, वरच्या मजल्यावर एका शेठकडे फोन घ्यायला मुलगी हवी होती. मद्रासच्या पार्ट्यांचे फोन यायचे, इंग्रजीत बोलावं लागायचं. मी आरशासमोर वाक्यं पाठ केली. शेठने परीक्षा म्हणून खरोखर वाजलेला फोन माझ्या हातात दिला, आणि फोनच्या डब्याचं एक बटण दाबलं तसा पलीकडचा आवाज सगळ्या खोलीत घुमायला लागला. मी काय बोलले ते आजही शब्दन् शब्द आठवतं. इथे लिहीत नाही, नाहीतर वर बसून पुन्हा मोठ्याने म्हणशील. पलीकडचा माणूस खो खो हसला. मग शेठ, मग त्याचा पुतण्या, मग टाइप करणारी बाई. पुतण्याने तर माझं वाक्य जिन्यापर्यंत मागे मागे येऊन म्हटलं.

घरी येऊन मी गोधडीत शिरले आणि मला ताप भरला. तिन्हीसांजेला मला उंबऱ्याकडे तोंड करून बसवलंस, मूठ भरलीस आणि एकदम थांबलीस. "कोन कोन हासनात?" मी म्हटलं, जाऊ दे ना. तू म्हणालीस, "नाव सांग. बिगर नावनी नजर उतरत नई." मी नावं सांगितली. मद्रासवाल्याचं मला माहीत नव्हतं, तेव्हा त्याच्या कापडाच्या दुकानाचं नाव सांगितलं, तर ते तुला म्हणता येईना. तू दोनदा अडखळलीस, मुठीतली मोहरी सांडली, आणि तापातसुद्धा मला हसू फुटलं. मिरच्या शेगडीत टाकल्यास. वास असा आलाच नाही. ठसका लागला असता तर नजर नव्हती, नाही लागला म्हणजे जबर होती, हा तुझा नियम. तू समाधानाने मान हलवलीस, जणू डॉक्टरने रोग बरोबर ओळखला होता.

मला वाटलं संपलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तू धुतलेलं पातळ नेसून उभी. म्हणालीस, चल. मी रडले, हातापाया पडले. तू मला मार्केटचे सगळे जिने चढवून त्या ऑफिसात नेलंस, असल्या ऑफिसांच्या दारातच तू एरवी चपला बाहेर काढून उभी राहायचीस. चपला त्या दिवशीही बाहेरच काढल्यास. आत जाऊन म्हणालीस, "शेट, काल मनी आंडेर आठे उनथी. ती काय चुकनी ते माले बी सांगा. मी बी हाससू." शेठला आंडेर म्हणजे मुलगी हे कळायला वेळ लागला. मग तो म्हणाला, "बेसो मासी, बेसो." तू बसली नाहीस. पुतण्याला म्हणालीस, तू म्हण बाबा, तुला पाठ आहे ना. त्याने खाली पाहत माझं वाक्य म्हटलं. तू ते तुझ्या जिभेवर घेतलंस. काय त्या वाक्याची दशा केलीस माय! खोली हसली, आणि सगळ्यांत मोठ्याने तू हसलीस, डोळ्यांत पाणी येईतो. आदल्या दिवशी जे हसू माझ्या अंगावर आलं होतं ते तू सगळ्यांच्या देखत स्वतःवर ओढून घेतलंस. शेवटी त्या टाइपवाल्या बाईने उठून बरोबर वाक्य सांगितलं, तुला आणि मला, पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. नोकरी मिळाली नाही. पण जिना उतरताना मला भूक लागली होती, आणि तू खालच्या गाडीवर मला चण्याच्या डाळीचा गरम लोचो खाऊ घातलास. तू म्हणालीस, हसणाऱ्याचे दात दिसतात, आपलं काय जातं.

आता पुढचं सांगते. पुढचं सांगण्यासाठीच लिहिते आहे.

लोक हसायला लागले तेव्हा तुझा नातू आधी इतका खचला नव्हता. ऑफिसला जात होता. चेहरा उतरलेला होता, पण जेवत होता. आमचे हे हजीऱ्याला एका प्लांटवर गाडी चालवतात. ते म्हणाले, विसरतील लोक, तू कशाला जिवाला लावून घेतेस. पण मला तू दिसत होतीस, जिन्यावर, धुतलेल्या पातळात. मला वाटलं माझी आई जे करू शकली ते मी करीन. मी तिथे, त्याच्या मजकुराखाली, सगळ्यांच्या देखत लिहिलं. तुझंच वाक्य लिहिलं. मी याची आई आहे, हा काय चुकला ते मलाही सांगा, मीही हसेन. ते माझ्या इंग्रजीत लिहिलं. मला वाटलं मराठीत लिहिलं तर त्यांना कळणार नाही आणि हसू माझ्याकडे वळणार नाही.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. माझ्याही शब्दांभोवती लाल गोल आले. माझा तो धागे कापतानाचा फोटो कोणी कापून घेतला आणि त्याच्या खाली माझं वाक्य चिकटवलं, आणि ते चित्र सुटलं गावभर. त्याच्या ऑफिसातल्या पोरांनी ते संगणकावर लावून ठेवलं. आई तसा लेक, असं म्हणतात म्हणे. माय, मला तिथलं गणितच कळलं नव्हतं. मार्केटच्या त्या खोलीत हसू एवढंसं होतं, तू घेतलंस तर मला उरलं नाही. इथे मी ओंजळभर घेतलं तर त्याच्या वाट्याचं थेंबभरही कमी झालं नाही, उलट माझ्या वाट्याचंही त्याच्याच अंगावर गेलं. आणि तिथे एवढे लोक, त्यांतलं कोणीही टाइपवाली बाई निघालं नाही. काय चुकलं ते सांगा म्हटलं तर कोणी सांगितलं नाही.

परवा तो दुपारीच घरी आला. फोन माझ्यासमोर धरला. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "मम्मी, तें शुं कर्युं?" एवढंच म्हणाला. लहानपणापासून त्याला दुखलं की गुजराती येते, शाळेची भाषा, मित्रांची भाषा. काय केलंस तू. तेव्हापासून तो आत आहे. ऑफिसातून फोन आला तर घेत नाही. मी दारापाशी बसून त्याच्या श्वासाचा अंदाज घेते, कॉट करकरली की जीव भांड्यात पडतो, बराच वेळ करकरली नाही की उठून दाराला कान लावते. यांना म्हटलं रजा घ्या, तर ते म्हणाले सकाळपर्यंत बघू. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणावं, तर जळतं त्यांचंही आहे, पण त्यांना ते असंच दाखवता येतं.

आज तिन्हीसांजेला मी मूठ भरली. तो समोर बसणार नव्हता, म्हणून बंद दारावरूनच उतरवायला लागले, वरच्या चौकटीपासून उंबऱ्यापर्यंत. घरनी, दारनी, वाटनी. पुढे काय? पुढे नावं. डाव्या हातात फोन धरला आणि हसणाऱ्यांची नावं वाचायला लागले. माय, ती माणसांची नावं नाहीत. कोणी सिंह आहे, कोणाच्या जागी गुलाबाचं फूल आहे, कोणी नुसतेच आकडे. एकाचं नाव वाचलं तर त्याचा अर्थ 'कोणीही नाही' असा होतो. मी तेही म्हटलं. कोणीही नाही, याची नजर उतरू दे. म्हणत राहिले, अंगठ्याने सरकवत राहिले, नावं संपेनात, मुठीतलं मीठ घामाने ओलं झालं. तुझ्यासारखी मीही अडखळले, पण ऐकून हसेल अशा मनःस्थितीत आत कोणी नव्हतं. शेवटी मी नावं सोडली आणि तुझं नाव घेतलं. हे चालतं का मला माहीत नाही.

शेगडी कुठली आणायची, गॅसवर तवा ठेवून मूठ त्यात टाकली. आणि देवाला म्हणाले, ठसका लागू देऊ नको. नजर असू दे, जबर असू दे, म्हणजे निदान उतरेल तरी. पण मिरच्या काळ्या पडल्या आणि असा धूर उठला की माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. तुझ्या नियमाने सगळं संपलं, नजर नव्हतीच, उतरवायला काही नव्हतंच. मी तशीच ओटा धरून उभी होते आणि दाराच्या पलीकडून खोकला आला. मग पुन्हा आला, मोठा, पोटातून. त्या आवाजाला मी ओट्यावर डोकं टेकवून रडले.

तो बाहेर आला. डोळे सुजलेले, दाढीची खुंटं. "शुं बाळे छे, मम्मी?" मी म्हटलं, काही जाळत नाही रे, तुझी नजर काढते आहे. त्याने विचारलं, "कोनी?" कोणाची. मी फोन पुढे केला आणि परत मागे घेतला. त्याने गॅस बंद केला, खिडकी उघडली, तांब्याभर पाणी उभ्यानेच प्यायला. मी त्याच्या गळ्याच्या घाटीकडे पाहत होते. तांब्या ठेवताना त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या ओठांवर तुझं वाक्य आलं होतं, काय चुकलं ते मला सांग ना. ते मी गिळलं. तो परत आत गेला. दार लोटलं, पण पुरतं नाही, धुरामुळे असेल.

ओट्याजवळ बसून हे लिहिते आहे, कारण इथून ती फट दिसते. कागद घडी करून तुझ्या डबीखाली ठेवीन, दुसरीकडे कुठे पाठवू? एक गोष्ट सांगते, ती त्याला सांगायची माझी हिंमत नाही. त्याचा तो मजकूर मी रोज वाचते. लाल गोल काढलेला वाचते, बिनगोलाचा वाचते, ते शहाणं पान शेजारी ठेवून वाचते. चूक कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही, माय. मला तो दर वेळी छानच वाटतो.